फोटोतले दोन पाय

प्रिय वसंत,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले, आता खोडत बसत नाही. इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस. अजून जिवंत आहे, इथेच बडोद्यात, अकोट्याला भावाकडे असते, आणि तब्येतीचं कुणी विचारलं तर इथल्या गुजरात्यांसारखं 'मजामां' म्हणते. डावा पाय तेवढा थंडीत ठणकतो.

तुझं सगळं कळतं रे मला. परवा पेपरात वाचलं, 'बडोद्यात ट्रॅम्पोलिन आणणारे वसंतराव'. आणणारे म्हणे! आधी हसू आलं, मग जीव नुसता जळला. परदेशी मासिकातलं चित्र तू आणलंस, कबूल. पण घडियाळी पोळच्या गल्लीतल्या खाटवाल्याच्या मागे लागून लोखंडी चौकट कुणी करून घेतली? तंबूचं कापड दुहेरी करून आईच्या मशीनवर कुणी शिवलं? सात सुया मोडल्या आणि आईनं आठवडाभर अबोला धरला. आपल्या नागरवाड्यात सगळे त्याला झोळीच म्हणायचे. चांगल्या घरातली मुलगी आखूड चड्डी घालून झोळीत उड्या मारते, म्हणून बाबांना चारचौघांत मान खाली घालावी लागायची. मला मात्र काही वाटायचं नाही. वर गेलं की खालचं कोण काय म्हणतंय ते ऐकूच येत नसे.

ऐकायचा तो एकच शब्द, आणि तोही उडायच्या आधी. आखाड्यातली रीत तूच झोळीला लावलीस. उडणाऱ्यानं खाली बघायचं नाही, नजर समोर ठेवून विचारायचं, "आहे?" कडेला उभा असेल त्यानं चौकट सरकू नये म्हणून दोन्ही हात तिच्यावर ठेवून म्हणायचं, "आहे." मगच शेवटची उलटी उडी. तुझं 'आहे' ऐकलं की मी डोळे मिटूनही उडाले असते. मूर्खच होते.

त्या गणपतीतल्या खेळाला सर्कशीचा मालक पहिल्या रांगेत बसला होता आणि शेजारी पेपरचा फोटोवाला. मी विचारलं, तू 'आहे' म्हणालास, आणि हवेत उलटी फिरताना मला तुझी पाठ दिसली. तू फोटोवाल्याकडे वळून हसत होतास. मी चौकटीवर आपटून खाली फरशीवर पडले. दवाखान्यात शुद्धीवर आले तोवर तू सगळ्यांना सांगून मोकळा झाला होतास, की मंदाचा अंदाज चुकला. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्या प्लॅस्टरकडे बघत राहिलास. सर्कशीचा मालक दारातच उभा होता. जागा सोडणाऱ्या माणसाला त्यानं सर्कशीत कधी नेलं नसतं, म्हणून मी तोंड मिटलं. वाटलं, तुझं बस्तान बसलं की मला न्यायला येशील. दोन पत्रं आली, एक कानपूरहून, एक मद्रासहून, दोन्हींत तुझ्याच टाळ्यांची वर्णनं. तिसरी आली ती लग्नपत्रिका. मी शाळेच्या ऑफिसात चौतीस वर्षं दाखले लिहिले. नागरवाडा मला अंदाज चुकलेली मंदा म्हणूनच ओळखायचा, आणि मी एकदाही कुणाला नाही म्हटलं नाही. याचा राग तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे.

आता मुग्धाचं सांगते. माझ्या भावाची नात, अकरा वर्षांची. मला न विचारता तिला तुझ्या क्लासला घातलं. घरी आली की तोंडात सारखे वसंत आजोबा. गेल्या आठवड्यात तिनं तुझ्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोचा फोटो मोबाइलवर दाखवला. तू तरणाबांड, कॅमेऱ्याकडे बघून हसतोयस, आणि वर कोपऱ्यात नुसते दोन पाय. तिनं विचारलं, "मंदाआजी, हे पाय कुणाचे गं?" मी चष्मा पुसत बसले. अरे वसंता, तो फोटो तू भिंतीवर लावलास? त्यातच दिसतंय की सगळं! मी हवेत आहे आणि तुझं तोंड कुठे आहे? इतकी वर्षं लोक बघतायत आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तुझ्या येतं का? विसरला असशील तर ते जास्त वाईट.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. रविवारी तुझ्या सत्काराला मुग्धा शेवटची उडी मारणार आहे, आणि कडेला तू स्वतः उभा राहणार, असं ती घरभर नाचत सांगत होती. फोटोवाले असतीलच. तू उभा राहायचं नाहीस. तुझ्या मुलाला, संजीवला उभा कर. मी काठी घेऊन त्याच्या शेजारी थांबेन. ती विचारेल तेव्हा संजीवचे दोन्ही हात चौकटीवर आहेत हे डोळ्यांनी बघून 'आहे' मी म्हणेन. हे जमत नसेल, तर ते पाय कुणाचे, हे मी तिला सगळ्यांसमोर माइकवरून सांगेन. तू आपला पहिल्या रांगेत खुर्चीवर बस. तिथून फोटो चांगला येतो.

कधीकाळी तुझीच असलेली,
मंदाकिनी