गालावरची भुरी

२ डिसेंबर
नाशकात बस्तान बसलं एकदाचं! दोन खोल्या छान आहेत. नवरा मनमाडला रेल्वेत, शनिवारी येणार. चार वर्षांच्या सृष्टीला खालच्या छायाताई सांभाळणार आहेत. लॅबमध्ये काम द्राक्षावरच्या भुरीचं. ही बुरशी ज्या प्रथिनाने मण्याला चिकटते, ते साखरेला धरतं. म्हणून चमकणारा रंग जोडलेली साखरेची लांब साखळी मण्यावर सोडायची आणि धुवायची. जिथे बुरशी, तिथे निळ्या दिव्याखाली हिरवं चमकतं. मी पडले बागायतदाराची लेक, ट्रेमधला मणी सवयीने तोंडात टाकला. लॅबप्रमुख उज्ज्वला मॅडम ओरडल्याच, तो मुद्दाम भुरी वाढवलेला ट्रे होता. मला हसू आलं. भुरी वेलीला धरते, माणसाला थोडीच?
घरी येऊन सृष्टीचा गोड पापा घेतला.

९ डिसेंबर
सृष्टीच्या गालावर पांढुरकं काहीतरी आहे. पुसलं की जातं, सकाळी पुन्हा येतं. जेवतही नाही नीट. छायाताईंची सून द्राक्षबागेत कामाला जाते, तिथूनच आलं असणार. विचारलं तर नजर चुकवत म्हणाल्या, "थंडीनं उललं आसंल. पोर लय नाजूक हाय." कुठेतरी पाणी मुरतंय.

१३ डिसेंबर
लवकर घरी आले. छायाताई हळदीच्या पाण्याने पोरीचं तोंड खसाखसा पुसत होत्या. मला बघून फडकं लपवलं. वर म्हणतात, रात्री सृष्टीला आमच्याकडेच झोपू द्या. का म्हणून? मुलगी माझी आहे! इतका संताप आला. त्यांच्या हातावरून आणि सृष्टीच्या गालावरून कापूस फिरवून घेतलाय. लॅबमध्ये चोर सापडेलच.

१५ डिसेंबर
सृष्टीचा कापूस हिरवागार.
छायाताईंचा कोरा. पुन्हा करून पाहिला, कोराच.
त्या चमकत्या साखळीची बाटली आणि निळा टॉर्च पर्समध्ये घालून घरी आणलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सृष्टीच्या तोंडाला, मानेला ते लावून धुतलं. टॉर्च मारला. ओठ. हिरवे ओठ, गालावर, कपाळावर, मानेवर — मोठ्या माणसाचे —
तेच लावून, धुवून आरशात स्वतःची जीभ पाहिली. हिरवीगार.
छायाताई माझेच पापे पुसत होत्या.

१६ डिसेंबर
सृष्टीला खाली सोडलं. छायाताईंना बजावलं, मी मागितली तरी देऊ नका. त्या रडल्या. नवरा निघालाय. दाराला आतून कडी घातली.
तोंडाला पाणी सुटतंय. तिचा गाल आठवला की —
जिन्यात पावलं. छायाताई तिला हाका मारताहेत. सृष्टी दाराशी आली, गोड पापा मागतेय. नाही देणार. मरेन पण नाही —
कडी वाजली. कोण काढतंय?
माझाच हात —