आबांचं नवरात्र आणि साईराजचा मॉनिटर

साईराज,

मॉनिटर सुरू करण्याआधी हे वाच. पडद्याच्या मधोमध देवीचा मुकुट पुसट दिसेल. तो आता जात नाही.

तू सांगलीला हॉस्टेलवर होतास. नवरात्रात आबांना खाटेवरून उठता येईना आणि दर्शन तर हवंच, म्हणून देवळातलं थेट प्रक्षेपण दिवसरात्र लावायचं ठरवलं. हॉलमधल्या टीव्हीवर बाजूनं पाहिलं की देवी फिकी पडायची. माझ्या कामाच्या मॉनिटरवर गाभाऱ्यातला काळोख राखाडी दिसायचा. मग तुझा ओएलईडी मॉनिटर आठवला. आयपीएस पडद्याचा घेऊ, व्हीएचा घेऊ की हा, याची तू जेवढी चौकशी केलीस, तेवढी माझ्या माहेरच्यांनी जावई बघताना केली नव्हती. त्यावर काळं म्हणजे अगदी काळं. आबा म्हणाले, "सूनबाई, देवी समोर बसल्यावानी दिसतीया."

एकच चित्र फार वेळ ठेवायचं नाही, त्याचा कायमचा डाग पडतो, हे तू बजावलं होतंस. पडदा थोडा वेळ बंद करून साफ करू का, असं तो मॉनिटरही अधूनमधून विचारायचा. पण नवरात्रात समई विझू देत नाहीत, तर देवीलाच कशी विझवू? दर वेळी मी 'नको' दाबलं. आणि फोनवर तुला सांगितलं, झाकून ठेवलाय.

आबांना तपासायला साताऱ्याला नेतेय. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. भाजी फ्रीजमध्ये आहे, भाकरी टोपलीत.

रागवायचं ते माझ्यावर. आबांना वाटतंय, तूच हौसेनं मॉनिटर दिलास. काल शेजाऱ्यांना सांगत होते, "नातवानं न मागता देवी घरात आणली रं." तेवढं खोटं पाडू नकोस.

आई