तो जिन्यात आहे

इतकी वर्षं मला खोटं सांगितलंत! आणि मी शहाणी, विश्वास ठेवून बसले.

अहो गार्डसाहेब, नमस्कार मागाहून करीन. आज आपल्या नातीनं, ईशानं, टीव्हीवर एक जुना इंग्रजी सिनेमा लावला. काळापांढरा. सगळ्यांच्या डोक्यावर हॅट, तोंडावर सावली. चोर कोण नि पोलीस कोण, पत्ता लागू नये. मी लगेच ओळखला. आपण पाहिला होता तोच! म्हणून लिहायला बसले. दुसरी पास बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नका.

आठवतं ना? जयपूरला नुकती बदली झालेली, रेल्वे कॉलनीच्या मैदानात पडदा बांधलेला. तुम्ही माझ्या कानाशी मराठीतून सांगत होता. "तो पोलीस आहे, तस्करांच्या टोळीत चोर बनून घुसलाय." मागून शेजारचे शर्माजी ओरडले, "भाईसाब, पिक्चर देखने दो!" तुम्ही कसले गप्प बसता?

शेवटी टोळीच्या म्होरक्यानं त्याला ओळखलं. पुलावर नेलं. गोळी सुटली. मी तुमचा हात घट्ट धरला.

"मेला का हो?"

"छे! पाय घसरला त्याचा."

मग त्याची बायको दिसली. दिवा लावून खिडकीत बसलेली. तिथंच सिनेमा संपला.

"अहो, आला का तो घरी?"

"जिन्यात आहे. बूट काढतोय."

तेव्हापासून मालगाडी पोचवून आलात, की खालूनच हाक मारायचात, "जिन्यात आहे!" मी चहा टाकायची. किती वेळा उतू घालवलात तो, गप्पा मारत खालीच उभं राहून!

आज ईशा पडद्याखालची हिंदी वाचत होती. म्हणाली, "आजी, वो तो मर गया. मतलब, बायकोला कोणी सांगितलंच नाही."

"गप गं. जिन्यात आहे तो."

पोरगी बघतच राहिली माझ्याकडे.

आता खरं सांगा, तुम्हाला इंग्रजी कळलंच नव्हतं, की कळूनही फिरवलंत? मी पोटुशी होते, तुमची गाडी रात्रीची असायची. तेवढी अक्कल मलाही आहे. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. दुसऱ्या कुणाच्या तोंडून काही ऐकायची हौसच उरली नाही हो.

जयपुरातल्याच जगतपुऱ्याच्या या फ्लॅटला लिफ्ट आहे. जिन्यात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तरी चहा टाकला की कान तिकडेच जातात मेले! तुमचे बूट दाराबाहेर आहेत. सून म्हणते, आता द्या कुणाला तरी. देऊन बघ म्हणावं!

ईशाला पोरंबाळं झाली आणि मी असले, तर हा सिनेमा मीच त्यांना सांगीन. तुमच्या शेवटासकट. शब्द देते.

तुमची,
मंदा

आणि हो, उत्तर तुम्हीच द्यायचं. मुलाच्या स्वप्नात निरोप ठेवू नका, तो विसरतो. खालूनच हाक मारा. मला ऐकू येतं अजून.