मागच्या सीटवरचा वारा

३ मार्च, सोमवार
निर्णय झाला. गाडीला ॲडजस्टेबल विंडशील्ड बसवायचं. ही भावाकडे गेल्याला आज एकवीस दिवस झाले. कारण उघड आहे: वारा. डोळे चुरचुरतात, कान दुखतात, हे ती अकरा वर्षं सांगतेय. बाइकवरच्या प्रत्येक ट्रिपनंतर तेच. काच बसली की वारा बंद, वारा बंद की ही परत. तेवीस तारखेच्या ट्रिपला दोघं जायचं ठरलेलं आहेच. भरपूर वेळ आहे.
शेजारच्या काकूंनी विचारलं, वहिनी दिसत नाहीत. हवापालटाला गेलीय म्हटलं.

६ मार्च, गुरुवार
पार्सल आलं. काच, दोन ब्रॅकेट, आठ बोल्ट, रबरी वॉशर, एक ॲलन की आणि सूचनांचा कागद. कागद बाजूला ठेवला. सव्वीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स केलाय, मला काय शिकवणार कागद. अर्ध्या तासाचं काम.
संध्या. ६.३०. दोन बोल्ट बसले. तिसरा हेडलाइटच्या मागे कुठेतरी पडला. उरलेलं उद्या. घाई केली की काम बिघडतं.

७ मार्च
कागद वाचला. ब्रॅकेट उलटे बसवले होते, डावं उजवीकडे. चित्र फार बारीक छापलंय.

८ मार्च, शनिवार
बसली! झकास. दोन नॉब सैल करायचे, काच वर-खाली करायची, पुन्हा आवळायचे. चार खाचा आहेत. कागद म्हणतो, काचेची वरची कड चालवणाऱ्याच्या नाकाच्या रेषेत हवी. माझ्या नाकाला लावली. सत्तरच्या स्पीडला चेहऱ्यावर झुळूकसुद्धा नाही. अकरा वर्षांचा प्रश्न दोन दिवसांत सुटला (मधला एक दिवस कागदामुळे गेला).
हिला व्हिडिओ पाठवला. दोन निळ्या टिका. उत्तर नाही. मेव्हण्याकडे नेटवर्कची बोंब आहे.
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आई काचेसाठी गेलेली नाही. मी म्हटलं, तू कधी गाडीवर बसत नाहीस, तुला काय कळणार. ती म्हणाली, बरं बाबा. हल्ली दोघी मायलेकी फार लवकर बरं म्हणतात.

११ मार्च, मंगळवार
मागच्या सीटवर किती वारा लागतो ते तपासायला हवं. बटाट्याचं पोतं मागे बांधलं. त्यावर हिचं हेल्मेट. हेल्मेटला हिच्या विणकामाच्या पिशवीतले लोकरीचे धागे. धागे फडफडले की वारा आहे, इतकं सोपं.
एक अडचण आली. चालवताना मागचं दिसत नाही. आरशात बघितलं तर माझीच कोपरं. स्पीडब्रेकरवर पोतं डावीकडे कललं, एका शाळकरी पोरीने हात करून सांगितलं. घरी येऊन बघतो तर लोकर गायब. म्हणजे एकतर वारा फार आहे किंवा गाठ सैल होती. गाठ सैल होती.
संध्याकाळी हिच्यासाठी उशीची खोळ बदलली. परत आल्यावर स्वच्छ असलेली बरी.

१४ मार्च
नाइलाजाने गॅरेजवाल्या मिस्त्रीला काच दाखवली. तो म्हणाला, काका, तुम्ही स्वतःचं नाक धरलंत. तुमच्या डोक्यावरून गेलेला वारा सरळ मागच्याच्या तोंडावर आपटतो, मागची सीट उंच असते ना. मग विचारतो, या गाडीवर मागे कधी बसलात का तुम्ही?
मी हसण्यावारी नेलं. माझीच गाडी, मी मागे कशाला बसेन.

१५ मार्च, शनिवार
बसलो. मिस्त्रीने चालवली. दहा मिनिटं.
वारा थोबाडीत मारल्यासारखा लागतो. डोळे उघडता येत नाहीत. समोर फक्त त्याची पाठ. पुलाजवळ मी ओरडलो, हळू घे. त्याने मान हलवली. थांब म्हटलं, त्याने मान हलवली. अरे बाबा थांब म्हटलं, पुन्हा मान. थांबला तो थेट गॅरेजला. मी चिडलो. तो म्हणाला, काका, हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही. मान हलवायची आपण, मागच्याला बरं वाटतं.
मीही तेच करतो.
घरी येऊन बूट न काढता पायरीवर बसून राहिलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१६ मार्च, रविवार
हिला फोन केला. मी मागे बसून आलो म्हटलं. तिने विचारलं, किती वेळ? दहा मिनिटं, म्हटलं. मी सांगितलं, आता काच तुझ्या नाकाच्या हिशोबाने लावतो, वरच्या खाचेत, माझं काय व्हायचं ते होऊ दे.
ती म्हणाली, अहो, मी जातेय हे तुम्हाला गाडीवरच सांगितलं होतं. मागच्या ट्रिपहून येताना. मला आता तुमच्याबरोबर राहणं जमत नाही, दादाकडे जाते, कायमची. तोंडावर सांगायचा धीर नव्हता, म्हणून पाठीला सांगितलं. तीनदा. तुम्ही तीनदा मान हलवलीत. घरी आल्यावर माळ्यावरून बॅगही तुम्हीच काढून दिलीत. मला वाटलं, किती समजुतीने घेतलं या माणसाने.
मी म्हटलं, मला ऐकूच आलं नव्हतं गं.
ती म्हणाली, ते आत्ता कळतंय.
विचारू नये ते विचारलं. तेव्हा नको जाऊ म्हटलं असतं तर? पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, तेव्हा राहिले असते. आता इथे बरं वाटतंय. रोज सकाळी चालायला जाते.
जेवण झालं का विचारून तिने फोन ठेवला. मी हो म्हटलं. झालं नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार
ट्रिपच्या हॉटेलला फोन केला. बुकिंग रद्द करा म्हटलं. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, दोघांचं की एकाचंच? दोघांचं. कारण काय लिहू सर, फॉर्ममध्ये भरावं लागतं. तब्येत म्हणणार होतो. तोंडातून निघालं, बायको सोडून गेली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.
ती म्हणाली, ओके सर, मग मी "इतर" वर टिक करते.