सिंकचा घसा

९ ऑक्टोबर, सोमवार, सुट्टी
आजपासून नवी मी. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं: शोग्रेन. म्हणजे शरीर आपल्याच ग्रंथींवर उलटतं. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात लाळ नाही. डोळ्यांत घालायचे थेंब दिले, तोंडात मारायचा फवारा दिला. सासूबाईंनी फवाऱ्याची बाटली उलटसुलट करून पाहिली आणि मला उचलून आमच्या जेचन शहरातल्या औषधी बाजारात प्यो वैद्यांकडे नेलं. ते म्हणाले, हॉस्पिटलचं सोडू नका, आमचाही काढा घ्या. काढा चालू असेपर्यंत कॉफी, मैदा, डुकराचं मांस, दारू बंद. मी म्हटलं, एवढंच? शाळेत नीतिशास्त्र शिकवते मी. संयम हा माझा विषयच आहे.

१० ऑक्टोबर
काढा वैद्यांकडेच मशीनमध्ये उकळून, पाकिटांत भरून मिळतो. अख्खं जेचन तोच पितं. सासूबाईंना पटत नाही. म्हणाल्या, मशीनला तुझ्या डोळ्यांचं काय पडलंय? त्या घरी उकळतात. मातीचं भांडं, मंद आच, मग फडक्यात घालून दोन काठ्यांनी पीळ द्यायचा. औषधाचा अर्धा गुण उकळणाऱ्याच्या भक्तीत असतो, अशी इथली जुनी समजूत. सासूबाई समोरच्या इमारतीतच राहतात. सकाळी सातला थर्मास घेऊन दारात.
झाकण उघडून वास घेतला. ओल्या तळघराचा. निवू दे, मग पिते, म्हटलं. त्या गेल्या. मला शाळेला उशीर होत होता. सिंकमध्ये ओतलं. पहिला दिवस धरायचा नसतो.

१३ ऑक्टोबर
आज थर्मास ओठांपर्यंत नेला. प्रगती आहे. पण शुक्रवारी काही सुरू केलं की शनिवार-रविवारी खंड पडतो. सोमवारपासून नक्की. ओतलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार
स्टाफरूममध्ये कॉफी. अर्धाच कप, तीही दूध घालून. एवढं दूध घातल्यावर तिला कॉफी कोण म्हणेल? पण कॉफीवर काढा घेऊ नये, हे खुद्द वैद्यांनी सांगितलंय. पथ्य पाळायचं तर पूर्ण पाळावं. म्हणून आज काढा नाही.

२४ ऑक्टोबर
वर्गात प्रामाणिकपणाचा धडा. दुसऱ्याच वाक्याला जीभ टाळूला चिकटली. पाणी प्यायले, परत चिकटली. मुलं खुदुखुदु हसली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दिवसभर. काढ्याचा अजून काही उपयोग दिसत नाही. वैद्यांना विचारायला हवं.

२ नोव्हेंबर
सासूबाई किटली भरायला सिंकपाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुझ्या सिंकचा घसा कसा कायम ओला असतो गं, कधी कोरडा म्हणून दिसत नाही.
आम्ही बुसानची माणसं, पोटात तेच ओठांत. हे इकडचे चुंगचंग प्रांतवाले सगळं आडून बोलतात, स्तुतीसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हा काही कळायचं नाही. आता लगेच ओळखते. सिंक मी रोज घासतेच.

१८ नोव्हेंबर, शनिवार
हिवाळ्याची किमची घातली. सगळ्या बायका सासूबाईंच्या घरी, गुडघाभर कोबी. सासूबाईंच्या उजव्या मनगटाला पट्टी. माझा नवरा जुंग-हक म्हणाला, रोज ते फडकं पिळून झालंय. मी म्हटलं, छे, कोबीनं.
किमचीच्या दिवशी उकडलेलं डुकराचं मांस असतंच. नाही खाल्लं तर घरच्यांचा अपमान. चार तुकडे खाल्ले, फार तर सात. सासूबाई म्हणाल्या, घे अजून. एवढी भूक लागतेय म्हणजे काढा कुणाला तरी लागू पडतोय.
ती पट्टी डोळ्यांसमोरून हलत नाही. उद्यापासून पिणार म्हणजे पिणारच.

२२ नोव्हेंबर
झाकण उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. रॉंग नंबर. पण मन उडालं ते उडालंच. ओतलं. किती नीच बाई आहे मी! म्हातारी पहाटे उठून मनगट मोडतेय आणि मी नळ सोडून डाग धुतेय. पण खऱ्या नीच बाईला असं वाटलंच नसतं. म्हणजे मी तेवढी नाही.

४ डिसेंबर
वैद्यांकडे तपासणी. सासूबाई सोबत. डोळ्याच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात, ती किती भिजते ते बघायचं. मी खूप दुःखद गोष्टी आठवल्या. पट्टी काढली तर तशीच्या तशी, पुन्हा वापरावी इतकी कोरडी.
वैद्य कोड्यात पडले. मला विचारलं, काढा वेळच्या वेळी? म्हटलं, रोज सातला. (थर्मास सातलाच येतो. खोटं काहीच बोलले नाही.) मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, आच मोठी ठेवली होती का?
मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलंही. जीभ टाळूला चिकटलेली.
सासूबाई उठल्या, त्या पोरगेल्या वैद्यासमोर कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, हात म्हातारे झालेत, भक्ती कमी पडली असेल, माफ करा.
बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्याइतकी लाज त्या बसमध्ये कुणालाच वाटत नव्हती.

७ डिसेंबर
सासूबाईंनी मैत्रिणींसोबतचा रात्रीचा पत्त्यांचा अड्डा बंद केला. आता आणखी लवकर उठतात, आच आणखी मंद ठेवतात. आज खरंच पिणार होते. मग विचार केला: आता प्यायले आणि गुण आला, तर वैद्य म्हणतील, बघा, आच सुधारली म्हणून आला. म्हणजे चूक सासूबाईंचीच होती हे शाबीत होणार. त्यांच्या नावाला बट्टा नको. केवळ त्यांच्यासाठी ओतलं.

१२ डिसेंबर
सात वाजले, थर्मास नाही. जुंग-हक म्हणाला, आईचा हात वर उचलत नाही. पर्स खांद्याला अडकवून धावत समोर गेले. भांडं गॅसवरून उतरवलेलं, फडकं, काठ्या मांडलेल्या, आणि त्या नुसत्या बघत बसलेल्या. हात मांडीवर.
मी म्हटलं, आई, मी तो काढा... पुढचं येईना.
त्या म्हणाल्या, बरंच झालं. माझ्या हाताला सुट्टी, तुझ्या सिंकलाही सुट्टी. बिचाऱ्यानं किती नेमानं घेतलं.
मी खालीच बसले. विचारलं, मग वैद्यांपुढे का वाकलात? म्हणाल्या, ते बाहेरचे ना.
म्हटलं, फार कडू असेल असं वाटलं. त्या म्हणाल्या, मग तुझा सिंक फार सोसणारा. आणि हनुवटीनं काठ्या दाखवल्या. मी पीळ दिला. अर्ध्यातच माझी मनगटं भरून आली. एक घोट घेतला. गोडसर. खारीक घातल्यासारखा. त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी वैद्यांना सांगितलं होतं, पोरीला कडू चालत नाही, गोडाकडे झुकणारं द्या.
मी रडले. म्हणजे आवाज आला, खांदे हलले, डोळ्यांतून काही नाही. सासूबाईंनी वाकून डोळ्यांत पाहिलं. मग डाव्या हातानं माझ्या पर्समधली थेंबांची बाटली काढली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. म्हणाल्या, हं, आता रड.

१३ डिसेंबर
आजपासून काढा मीच उकळणार. दोघींसाठी पुरेल एवढी भक्ती माझ्यात आहे. भांडं ठेवलं, जरा फोन घेतला. करपला. टाकून देणार होते, पण सिंककडे बघवेना. थर्मास घेऊन समोर गेले. सासूबाईंनी वास घेतला. म्हणाल्या, भक्ती जरा जास्त झाली गं.
मग समोर मांडी घालून बसल्या. कडू होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.