हक्कसोडपत्रावरची सही

बुधवार, संध्याकाळ

आमच्या लॉ कॉलेजात संशोधनाला आलेल्या जर्मन प्राध्यापक हान्नाबाईंबरोबर आज कसबा बावड्यात गेले होते, दुभाषी म्हणून. बहिणी वडिलांच्या जमिनीतला हक्क भावाला का सोडून देतात, हा त्यांचा विषय.

साठीच्या पारूमावशी म्हणाल्या, "सही केली म्हणून तर भाऊ दिवाळीला न्यायला येतोय की. न्हायतर माहेर कुठलं?"

मी इंग्रजीत एवढंच सांगितलं, "स्वखुशीनं केली." हान्नाबाईंनी तसंच लिहून घेतलं. असं का सांगितलं मी? वाक्य लांब होतं म्हणून? नाही.

परतताना गाडीत त्यांनी सहज विचारलं, "तुम्हीही सही केलीय?"

वारसा कायदा मी गेली दहा वर्षं वर्गात शिकवते.

म्हटलं, "हो. स्वखुशीनं."