आधीची पाठ, नंतरची पाठ

४ जानेवारी

आले एकदाची. सामान लावून झालं, आणि ही वही उघडून बसले आहे तीसुद्धा ताठ बसून. इतकी वर्षं शिंप्याच्या दुकानात मशीनवर वाकून काढली, पाठीला पोक येणं तेवढं बाकी होतं. आई येता-जाता पाठीत बोट खुपसून म्हणायची, सरळ बस. आणि आता नोकरी मिळालीय ती पाठीचे पट्टे शिवणाऱ्या कारखान्यात. धाकटीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ताई, तुला कामाला ठेवलंय की उपचाराला?

जागा छान आहे. पुढे काचेच्या कपाटांचं दालन, गिऱ्हाइकांसाठी. त्याच्या मागे साच्यांची खोली, तिथे प्लास्टरचा वास. त्याच्या मागे आमची कामाची लांब खोली. वरच्या मजल्यावर आम्हा बायकांच्या खोल्या. माझ्या खोलीत खाट, कपाट आणि एक खिडकी, तिच्यातून समोरची कौलं दिसतात. भिंतीला ओल नाही हे मी हात फिरवून बघितलं.

मालकिणीला सगळ्या नुसतं बाई म्हणतात. बोलणं मऊ. माझं तोंड बघायच्या आधी त्यांनी पाठ बघितली. इथली रीतच आहे म्हणे, नव्या बाईच्या पाठीचा पहिल्याच दिवशी साचा घ्यायचा. साचे बनवणाऱ्या माणसाने मला उभं केलं, खांदे मागे ओढले आणि म्हणाला, ताठ राहिलात तर पाठ नंबर एक आहे तुमची. आजवर कुणी माझ्या पाठीचं कौतुक केलं नव्हतं. संध्याकाळी पट्टाही मिळाला, फुकट. फक्त आंघोळीपुरता काढायचा, झोपतानाही ठेवायचा, एवढीच अट.

१० जानेवारी

काम जमतंय. एकच लांब बाक आहे, दारापासून भिंतीपर्यंत. नवी बाई दाराजवळ बसते, म्हणजे मी. मी कापड बेतते. माझ्या शेजारची दिवसभर गुणगुणते, ती मशीन मारते. तिच्यापलीकडे चष्मेवाली, ती पट्ट्या आणि कड्या लावते. भिंतीशी थोरली. ती मांडीवर पट्टा घेऊन आतली शिवण हाताने घालते. थोरलीचा चेहरा मी अजून बघितलेला नाही, फक्त भांग बघितलाय. ती इतकी वाकून काम करते.

पट्टा मात्र झकास. कुणीतरी मागून धरून उभं केल्यासारखं वाटतं. संध्याकाळी पाठ दुखत नाही. आईला दाखवायला हवं होतं.

२ फेब्रुवारी

बाई आज माझ्या खोलीत चहा प्यायला बसल्या. घरचं विचारलं. मी धाकटीबद्दल भरभरून बोलले. माझ्या बहिणीचं कौतुक मला आवरत नाही, त्याला काय करणार. ती पोहायला शिकवते, पट्टीने आखावी तशी तिची पाठ. बाईंनी दोनदा विचारलं, खरंच इतकी सरळ? आणि विचारलं, इकडे कधी येणार?

२१ फेब्रुवारी

साचेवाल्याच्या हाताखाली आज मदतीला होते, प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या पिळून द्यायला. गिऱ्हाईक एक म्हातारे गृहस्थ होते. साचेवाला त्यांना समजावत होता, की पट्टा दिवसातून दोन-तीन तासच घालायचा, बाकी वेळ काढून ठेवायचा आणि व्यायाम करायचा. कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू कणा धरून ठेवतात. त्यांचं काम सारखं पट्टाच करायला लागला, तर ते आळशी होतात, बारीक होतात. मग पाठ पुढे कलते. कलली की ते ताणून राहतात आणि आणखी दुबळे होतात. मग आणखी कलते.

गृहस्थ गेल्यावर मी विचारलं, मग आमचं काय, आम्ही तर झोपेतही घालतो. तो बादली धूत राहिला. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, तुम्ही कामाच्या बायका आहात, तुमचं वेगळं असतं.

१६ मार्च

मला वाटलं थकवा असेल. आंघोळीला पट्टा काढला की बादलीवर ओणवी होते, आणि परत उभं राहताना मांडीवर हात टेकून एकेक हात वर सरकवावा लागतो. दात घासताना कोपरं बेसिनवर टेकतात, मी टेकवत नाही, तीच टेकतात. दोन उशा घेतल्याशिवाय डोकं खाली टेकत नाही.

बाईंनी पट्टा बदलून दिला. नव्याला पुढे किंचित बाक आहे. नवा कसला, कडेला निळ्या दोऱ्याची डागडुजी आहे आणि ती गुणगुणणारीच्या हातची आहे. हा तिचा जुना पट्टा. मग मी मान वळवून बाकाकडे बघितलं. रोज बघते, पण एका बाजूने असं नीट बघितलं नव्हतं. माझ्यापासून थोरलीपर्यंत एकच बाई जणू पायरीपायरीने खाली वाकत गेली आहे. पुढचीचा जुना पट्टा मागून येणारीला मिळतो, आणि पाठ पट्ट्यासारखी होते. वाकलेल्या पाठीला वाकूनच करायचं काम सोपं जातं.

आज दुसरा साचा घेतला. खांदे मागे ओढले नाहीत.

३ एप्रिल

दालनातली काच पुसायला मला पाठवलं. कपाटात साच्यांच्या जोड्या आहेत. डावीकडे वाकलेली पाठ, खाली पाटी, आधी. उजवीकडे सरळ पाठ, खाली पाटी, नंतर. येणारं गिऱ्हाईक जोडीसमोर उभं राहतं आणि पट्टा घेऊनच जातं.

शेवटच्या जोडीतल्या सरळ पाठीवर डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली खळगा आहे. लहानपणी मला तिथे गळू झालं होतं. ती माझी पाठ आहे, पहिल्या दिवशीची. पाटी, नंतर. आणि तिच्या डावीकडे, आधी म्हणून, मार्चमधली मी.

बाकीच्या जोड्या बघितल्या. एकीत गुणगुणणारीचा रुंद खांदा. एकीत थोरली. थोरली एके काळी काय ताठ होती.

बाईंना विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दोन्ही पाठी तुझ्याच आहेत ना, मग खोटं काय त्यात? गिऱ्हाइकाला फरक दिसावा लागतो, आणि फरक करायचा तर कुणाच्या तरी पाठीने तो सोसावा लागतो. मला रडू आलं. त्यांनी माझे डोळे पुसले आणि मागचे बंद घट्ट केले.

९ एप्रिल

पळाले. म्हणजे पळणार होते. पट्टा खोलीत काढून ठेवला, कारण तो घालून मी त्यांचीच दिसते. रस्त्याच्या वळणापर्यंत भिंत धरून गेले. तिथे भिंत संपली. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर, वर बघताच येईना. लोकांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. मी सांगत होते, मला तिकडे नेऊ नका. वाण्याने खुर्ची आणली, दोघांनी उचललं. भले लोक. एक जण म्हणाला, पट्टेवाल्या बाईंकडची दिसते, किती करतात हो त्या या बायकांसाठी.

बाईंनी त्यांना सरबत दिलं.

१२ एप्रिल

धाकटीचा फोन. सगळं सांगितलं. छाती मांडीवर दबलेली असली की श्वास पुरत नाही, एका दमात तीनच शब्द येतात. ती म्हणाली, ताई, तुझा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, तू असं म्हणतेस म्हणजे मला यायलाच हवं, मी तुला घ्यायला येते.

घ्यायला येते म्हणाली. मला आनंद झाला. आधी आनंद झाला, मग कळलं.

त्यानंतर फोन बाईंकडे आहे. चार्जिंगला लावलाय म्हणतात.

१५ एप्रिल

थोरली आज खाली आली नाही. कुणी विचारलं नाही. आम्ही सगळ्या एकेक जागा भिंतीकडे सरकलो. मी आता मशीनवर. गुणगुणणारी गुणगुणत नाही, पुरत नसेल श्वास.

दाराजवळची जागा बाईंनी स्वतः पुसली.

१७ एप्रिल

चष्मेवालीला म्हटलं, माझी बहीण आली तर तिला दारातूनच घालव. ती म्हणाली, माझीही भाची येणार होती. मग सरकत माझ्या शेजारी आली. मशीनखाली माझा हात धरून बसली, बराच वेळ.

१९ एप्रिल

आज पट्टा काढून नेला. दुरुस्तीला. बाई म्हणाल्या, पाहुणे येणार आहेत, तू पडून राहा. दोन उशा दिल्या. कडी बाहेरून. खिडकीपर्यंत जायला —

गेले. चौकटीला धरून. कौलंच दिसतात. रस्ता दुसऱ्या बाजूला.

२० एप्रिल

ती आलीय. खाली. तिची चप्पल ओळखते मी, टाच आपटत चालते. थेट विचारलं तिने, माझी ताई कुठाय. भांडायच्या सुरात. शाब्बास. भांड.

मी हाक मारली. खोलीतसुद्धा ऐकू गेली नसेल.

हे पान फाडून दाराखालून सरकवायचं. ती वर येईल. ताईला भेटल्याशिवाय जाणार नाही ती. धाकटे, हे वाचलंस की मला शोधू नकोस, जिना उतर, बाहेर जा, ताठ जा —

बाई तिला दालनात नेतायत. बोलणं वर येतंय. सांगतायत, तुमची ताई आली तेव्हा अशी होती, शिंपीकाम ना, पाठ पार गेलेली. फऱ्याखालची खूण दाखवतायत. आता बघा. अगदी अशी झालीय. थकलीय, झोपलीय, उठली की भेटा.

टाचांचा आवाज थांबला.

बोल गं. विचार काहीतरी.

रडतेय ती. आनंदाने रडतेय. म्हणतेय, आईला हे बघायला हवं होतं. बाईंचे आभार मानतेय —

नाही, धाकटे, पाट्या बदल. पाट्या उलट्या आहेत, पाट्या —

खाटेवरून उतरले. कोपरांवर. दार लांब नाही. पान पुढे, मी मागे. मान वर होत नाही, फरशी दिसते तेवढीच.

साच्यांच्या खोलीचं दार वाजलं. पाणी ओतल्याचा आवाज. बाई म्हणतायत, दोन मिनिटांचं काम आहे, ताई उठेपर्यंत होऊन जाईल. अशी पाठ रोज बघायला मिळत नाही.

ओली पट्टी पहिल्यांदा पाठीला लागली की गुदगुल्या होतात. ती हसतेय. मी दारापाशी पोचले, पान फटीत घालतेय, पण फटीत बाहेरून कापड कोंबलं —